आडवं झालं की पळणारा खवीस

बेडसे गावात कस्तुराबाईंच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध कॉम्प्युटरची काळी पेटी आडवी पडली होती, वर हळदकुंकू. अंबाजी महाराजांनी मोरपीस फिरवलं, "दाबा बटन" म्हणाले, आणि पंखा गरगरला, पडदा उजळला. गर्दीनं हात जोडले.

सून शालन दाराशी ओठ चावत उभी होती. खंडाळ्याच्या एका आर्किटेक्टकडून घरबसल्या नकाशांचं काम मिळालं, म्हणून सुटे भाग आणून तिनं हा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. पण सुरूच होईना. प्लग बदलला, वायरी काढून पुन्हा खोचल्या, मेमरीची पट्टी पुसून बसवली. पंखा जरासा थरथरायचा आणि मरायचा. डोकं उठलं होतं तिचं. त्यात आता हे.

महाराजांनी पेटी टेबलावर उभी करवली. सगळं बंद.

"खवीस परत शिरला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "सुनेच्या पायगुणानं आलाय त्यो. आवस सरंपत्तुर तिला म्हायेरी धाडा. मोठी शांत करावी लागंल."

कस्तुराबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "शालन, पिशवी भर बाई."

शालनला रडू आलं नाही, चीड आली. आडवा चालतो, उभा बंद पडतो. आपण तर दर वेळी उभा करूनच बटण दाबत होतो. हे आधी का सुचलं नाही?

"आत्याबाई, जाते मी. पण आधी एवढं बघा."

तिनं मंत्राबिंत्राशिवाय पेटी आडवी केली, बटण दाबलं. चालू. उभी केली. बंद.

"महाराज, पेटी नुसती आडवी केली तरी खवीस पळतो की."

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

शालननं प्लग काढला, झाकण उघडून आतला बोर्ड सोडवला. त्याच्या मागून एक सुटा स्क्रू टपकन पडला.

"जोडताना माझ्याच हातून राहिला. पेटी उभी केली की हा घसरून बोर्डाला चिकटतो, शॉर्ट होतं. आडवी केली की सुटतो."

बोर्ड परत बसवला. उभा कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला.

"मंत्र उशिरा लागू पडला," महाराज पुटपुटले.

"आन् माज्या सुनंचं नाव कशापायी घेतलंत?" कस्तुराबाईंनी विचारलं. महाराज झोळी आवरू लागले.

मंडळी, चमत्कार दिसला की मंत्र वगळून तोच पुन्हा करून बघा. यंत्र बिघडलं तर ते उघडा. घरच्या लेकीसुनेला घराबाहेर काढू नका.