कुणाला न दिसलेला सुळा

मी एक खोटा सुळा बोलतोय, डाव्या बाजूचा. उजवीकडचा माझा भाऊ अबोल आहे, म्हणून दोघांचं मीच सांगतो.

गुदैबियातल्या एका डेंटल लॅबमध्ये अँब्रोजने आम्हांला घडवलं. वसईहून बहरीनला आलेला हा माणूस पंचवीस वर्षं कवळ्या बनवत होता. महिनाअखेर व्हिसा संपला की तो कायमचा गावी जाणार होता. मुलगी जोॲन नोकरीसाठी इथेच राहणार होती. बापलेकीत बोलणं जेमतेम. मित्रांच्या हॉरर फिल्ममध्ये ती व्हॅम्पायर झाली, तेव्हा कित्येक वर्षांनी तिने त्याच्याकडे काही मागितलं. सुळे.

अँब्रोजला लहानपणी पाहिलेला व्हॅम्पायर आठवला. शवपेटीतून उठणारा, क्रूस दिसताच पळणारा. जोॲन हसली.

"नो डॅडी, आताचा तसा नसतो. ही इज लोनली. प्रेम करतो, रडतो, माणसाचं रक्त पीत नाही."

"मग सुळे कशाला हवेत त्याला?"

"तेच तर त्याचं दुःख, डॅडी. लपवतो तो ते."

हे त्याने मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या जबड्याचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला. तिच्या दातांशी माझा रंग जुळवण्यात तीन दिवस घालवले. ओठाला टोचू नये म्हणून माझं टोक घासलं. खोटा दात ओळखू आला की काम फसलं, एवढंच तो आयुष्यभर शिकला होता.

कॅमेऱ्यापुढे आम्ही दिसलोच नाही. दिग्दर्शक मयुरेश संकोचून म्हणाला, "अंकलना सांगू नकोस, पण हे तर तुझेच दात वाटतात." आजचा व्हॅम्पायर कितीही हळवा असला तरी पडद्यावर सुळा चमकावा लागतो. मग कॉम्प्युटरवर लांब, पांढरेशुभ्र सुळे काढले गेले. आम्ही डबीत गेलो आणि डबी तिच्या पर्समध्ये.

अँब्रोज गावी निघायच्या दोन दिवस आधी माहूजला मयुरेशच्या घरी फिल्म दाखवली. अँब्रोज इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसला. शेजारच्यांना त्याने हळूच सांगून ठेवलं होतं, दात माझ्या हातचे. पर्समधून मला फक्त टाळ्या ऐकू आल्या.

घरी आल्यावर त्याचं डोकं दुखत होतं. गोळी पर्समध्ये आहे, असं जोॲन स्वयंपाकघरातून म्हणाली. गोळी शोधताना त्याच्या हाती डबी लागली. त्याने ती उघडली, पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी आखूड असलेल्या माझ्या टोकावरून अंगठा फिरवला आणि डबी होती तशी रुमालाखाली ठेवली. चहा पिताना म्हणाला, "छान दिसले हो सुळे."

"थँक्यू, डॅडी," एवढंच ती म्हणाली.

आता तो वसईला आहे आणि मी तिच्या कपाटात. परवा फोनवर तो सांगत होता, शेजाऱ्यांना तुझी फिल्म दाखवली, सगळ्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं. जोॲन 'नाइस' म्हणाली आणि फोन संपल्यावर कपाट उघडून तिने आमची डबी हातात घेतली.

जोॲन, सांगून टाक त्याला. त्याला ठाऊक आहे गं. तुला ओशाळं वाटू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगतोय.