हार्बर बेलचं शेवटचं गिऱ्हाईक

"हा कॉड नाही," खोक्यातला माशाचा गोठलेला तुकडा ओट्यावर आपटत व्हर्ना कोल्टन म्हणाली.

मॅनेजर ड्वाइटनं वर पाहिलंही नाही. "पोलॉक आहे, स्वस्तातला. वरून हुकूम आलाय. पिठात बुडवला की कोणाच्या बापाला कळत नाही."

"मला कळतं."

अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये 'हार्बर बेल' या तळलेल्या माशांच्या पहिल्या दुकानात पहिला मासा व्हर्नानंच तळला होता, एकोणसत्तर साली. समुद्र चारशे मैल लांब, तरी टायर कारखान्यातली माणसं दाराबाहेर रांग लावत. सात वर्षांत तीनशे दुकानं झाली. पीठ किती सैल हवं, हे ड्वाइटलाही तिनंच शिकवलं. मग मालकांनी कंपनी विकली, घेणाऱ्यांनी पुन्हा विकली, आणि मासा हलका होत गेला.

त्या दुपारी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "चव बदलली का हो?"

व्हर्नानं खरं ते सांगितलं. ड्वाइटनं भरल्या रांगेसमोर तिला एप्रन काढायला लावला. "निघा आता."

ती निघाली ती थेट समोरच्या चर्चमध्ये. "फादर, ईस्टरआधी दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तुम्ही मासे तळता ना? यंदा मी तळते. पण कॉडच आणायचा."

"देवासाठी एवढी तळमळ?"

"देवापुढं खोटं कशाला बोलू? त्याच्यासाठी," तिनं रस्त्यापलीकडे ड्वाइटच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

पुढं तिनं ईस्टरपुरतं न थांबता बारा महिने, दर शुक्रवारी कढई चढवली. शुक्रवार म्हणजे हार्बर बेलचा कमाईचा दिवस. तो तिनं ओढून नेला. गावोगावची बाकीची दुकानं आपल्या मरणानं मिटली. हे मात्र तिनं मारलं, नऊ वर्षं लावून.

दुकान बंद व्हायच्या दिवशी ती ठेवणीतला कोट घालून आत गेली. ड्वाइट एकटाच तळत होता. केस पिकलेले, मनगटावर तेलाचे चटके.

"बघायला आलात?"

"जेवायला. दोन तुकडे आणि बटाटे."

प्लेट ठेवताना तो म्हणाला, "बायकोला मी कितीदा म्हटलं, त्या बाईंना काढलं ते चुकलंच."

"मला सांगायला रस्ताच ओलांडायचा होता."

तो खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवू लागला. व्हर्नानं सावकाश घास चावला. मासा बेचव होता. तिला बरं वाटलं.

"मिसेस कोल्टन, पाच वाजले. कंपनीचा माणूस किल्ली घ्यायला आलाय."

"माझं खाणं व्हायचंय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. व्हर्ना एकेक बटाटा काट्यानं मधोमध कापत राहिली, आणि ड्वाइट हातात किल्ली धरून तिच्या टेबलाशी उभा राहिला.