कातरलेली पानं

पानं कात्रीनेच कापली आहेत, याबद्दल थोरलीला शंका नव्हती. कडेकडेने अर्धगोल खाचा, तिकिटाला चिमटा मारावा तशा. आणि शेजारच्या घरात धाकटी जाऊ शिवणकाम करायची. कात्री तिच्या हातची.

दोन भावांच्या घरांच्या मध्ये सासूबाईंनी लावलेली अझेलियाच्या फुलझुडपांची रांग होती. "झुडपं आहेत तोवर मध्ये भिंत घालायची नाही," असं त्यांनी दोन्ही सुनांकडून वदवून घेतलं होतं. धाकट्या दिराला भिंत हवी होती, तिला टेकून शिलाई मशीनसाठी शेड काढायला. आणि आता दोन झुडपं वाळली होती, तिसऱ्याने मान टाकली होती. एक-दोनदा तर धाकटी मुळाशी बसून माती चाचपताना दिसली होती. काय ओतत होती, देव जाणे.

थोरली भांडणारी नव्हती. प्रार्थना झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे, जीव दुखवायचा नाही हा तिचा रोजचा नेम. पण मनातल्या संशयाला कसला आलाय नेम? त्या दिवशी प्रार्थनेतही तिला कात्रीच दिसली. शेवटी ती झुडपांच्या कुंपणापाशी गेली.

"धाकटे, सरळ विचारते. पानांना कात्री लावतेस, आणि मुळाशी काय घालतेस?"

धाकटी माती झटकत उठली. "मी हेच तुम्हाला विचारणार होते, ताई. रोज सकाळी वाटी घेऊन येता, इकडेतिकडे बघता आणि मुळाशी काहीतरी उपडं करता. मला वाटलं, कुणाच्या तरी सल्ल्याने तुम्हीच झुडपं मारताय."

"माझ्यावर संशय?"

"तुमचा माझ्यावर नव्हता का?"

धाकटीने तिसरं झुडूप बुंध्याशी धरून ओढलं. जोरही लावावा लागला नाही, दोऱ्याचा टाका सुटावा तसं ते हातात आलं. बारीक मुळं गायब, बुंध्याची साल कुरतडलेली. मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या.

"हुमणी," थोरली म्हणाली.

"हुमणीला पाय असतात. हिला आहेत का बघा. मी काल काडेपेटीतून रोपवाटिकेत नेऊन दाखवली. ही सोंडकिड्याची अळी. अळी मुळं खाते, मोठा किडा अंधारात पानांच्या कडा. माझ्या कात्रीला एवढा वेळ नाही." तिने काडेपेटी उघडली. "हा तो. उडता येत नाही, चालत हिंडतो, घरातही शिरतो. आणि सगळ्या माद्याच. नर लागत नाही, अंडी घालतच सुटतात."

आत मळकट काळा, पुढे सोंड असलेला किडा होता. थोरलीने तो ओळखला. असले किडे तिला रोज सकाळी मोरीत सापडत. मारायचे नाहीत म्हणून वाटीत घेऊन ती ते अलगद सोडून येई. सासूबाईंच्या झुडपांखाली, सावलीत.

"वाटीत हेच असायचे गं," ती हळूच म्हणाली.

धाकटी खाली बसून हसत सुटली. "म्हणजे यांचं माहेरपण तुम्हीच केलंत."

औषध तिने आणलंच होतं. पाण्यात कालवायचे सूक्ष्म कृमी. ते अळीच्या अंगात शिरून तिला संपवतात, फक्त माती ओली ठेवायची. तिने झारी भरली आणि थांबली. "तुम्ही आत जा, ताई. नेम मोडेल."

"झारी दे." थोरलीने उरलेल्या झुडपांना स्वतः पाणी घातलं. ओठ हलत होते. क्षमा मागत असावी. "आणि भावजींना सांग, गवंडी बोलावू नका. रिकाम्या जागी नवी झुडपं लावू. शेड तुमच्या मागच्या अंगणात बसते का बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पुन्हा एक किडा निघाला. थोरलीने तो वाटीत घेतला, वर ताटली झाकली आणि कुंपण ओलांडून धाकटीचं दार वाजवलं.

धाकटी साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊनच आली. "पुण्य तुमचं, पाप माझं?"

"अर्धं अर्धं," थोरली म्हणाली, आणि ताटली तिनेच काढली.