चिकनच्या ठशांची भेटकार्डं

सत्यजितने श्रुतीचे केस मुठीत धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं, तेव्हा वासंतीबाई पुढच्या कार्डासाठी ठसा रंगात बुडवत होत्या.

गोमतीनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिघींचं काम जेवणानंतर सुरू झालं होतं. त्या स्वतः, सून श्रुती आणि खालच्या मजल्यावरची मधुमती, रेल्वेतल्या इंजिनिअरची बायको. दिवाळीची भेटकार्डं विकायची आणि पैसे कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डाला द्यायचे, ही कल्पना श्रुतीची. चिकनकारीच्या भरतकामाआधी कापडावर नक्षी छापायचे जुने लाकडी ठसे तिनेच चौकातल्या जुन्या बाजारातून शोधून आणले होते. छापताना, चुकताना तिघी इतक्या हसत होत्या, की आतल्या खोलीत वाजणारा श्रुतीचा फोन कुणालाच ऐकू गेला नाही.

अमौसी विमानतळावर विमान कंपनीत नोकरीला असलेला सत्यजित लवकर घरी आला. बूट न काढता थेट आत.

"किती फोन केले! का नाही उचललास?"

"अहो, हात रंगाचे होते..."

पुढचं बोलणं टेबलाच्या आवाजात बुडालं. त्याने तिचं डोकं पुन्हा आपटलं. भुवई फाटली, कार्डांवर रक्त उडालं. आजवर हे बंद दाराआड चालायचं. सकाळी श्रुती म्हणायची, बाथरूममध्ये घसरले. वासंतीबाई विश्वास ठेवायच्या, कारण तेच सोपं होतं.

"सत्यजित, सोड तिला! पागल झालास का?" मधुमती धावली. त्याने तिला असं ढकललं, की ती दाराच्या चौकटीवर आदळून खाली पडली. पडताना मनगट शरीराखाली आलं आणि तिने किंकाळी फोडली.

श्रुती फरशीवर कोसळली होती. सत्यजितने तिच्या कुशीत लाथ घातली. मग तिच्या पसरलेल्या बोटांवर बूट ठेवला.

"याच हातांनी कार्डं करतेस ना?"

"बाळा, सोड रे," वासंतीबाई म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस." त्याने वळूनही पाहिलं नाही. त्याने सगळा भार बुटावर टाकला. हाडांचा बारीक, कोरडा आवाज झाला.

वासंतीबाईंनी विटेएवढा जड ठसा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. तो ओरडत वळला. दुसऱ्या, धड हाताने त्याने आईचा गळा पकडला, तिला भिंतीला दाबलं.

"माझ्यावर हात उचलतेस?"

त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी ठसा खालून वर हाणला. त्याचा जबडा वाकडा झाला, रक्ताबरोबर दाताचा तुकडा बाहेर आला आणि तो गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. वासंतीबाईंनी पुन्हा ठसा उगारला आणि त्याच्या बरगड्यांवर मारला.

"ताई, बस! मरेल तो!" मधुमती किंचाळली.

त्यांनी ठसा टाकला. अजून मारावंसं वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. ठाण्यात दरोगाने, म्हणजे तिथल्या फौजदाराने, हळू आवाजात विचारलं, "माताजी, बहू को किसने मारा?"

"मेरे बेटे ने. और बेटे को मैंने. आखरी बार तो वो गिर चुका था, तब मारा. वो भी लिखिए."

"उसकी ज़रूरत नहीं है."

"है. सब लिखिए."

जबाब लिहून झाल्यावर संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. श्रुतीच्या भुवईला टाके होते, हात प्लास्टरमध्ये. दुसऱ्या वॉर्डात सत्यजित होता, जबडा तारेने बांधलेला, दाराशी हवालदार बसलेला. त्या दारापाशी वासंतीबाई थांबल्या, पण आत गेल्या नाहीत.

"आई, तुम्हाला वाईट वाटतंय ना?" श्रुतीने विचारलं.

"वाटणारच गं. पोटचा आहे." गळ्यावर बोटांचे वळ उमटले होते, बोलताना दुखत होतं. "पण घरात नाही घेणार."

श्रुतीने प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवला. "मी बरी झाले की सांगलीला जाईन. माहेरी."

"जा." त्यांनी तिच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरून ठेवला. "पोचवायला मी येते."

सकाळी त्यांनी चावीवाल्याला बोलावून दाराचं कुलूप बदलून घेतलं. मग बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसल्या.