तालिसायोनचं एक मत

सांता इनेस देल सूर नावाचा प्रांत कायद्यात आहे. कायद्याला नंबर आहे, खाली राष्ट्राध्यक्षांची सही आहे. जुन्या प्रांतातून दक्षिणेची कोणती नऊ गावं फुटून त्यात येणार, राजधानी बालुगानला असणार, गव्हर्नरला किती माणसांची कचेरी मिळणार, सगळं कलमवार लिहून ठेवलंय. फक्त प्रांत नाही. तो एक दिवसही झाला नाही, आणि आता कोणी त्याचं नाव काढलं तर तालिसायोन गावातली माणसं विषय बदलतात.

कायद्याच्या शेवटी एक छोटं कलम होतं. सगळ्या जुन्या सांता इनेस प्रांताने सार्वमतात होकार दिला, तरच वरचं सगळं खरं. ते कलम कोणी वाचायच्या आधीच तालिसायोनकरांनी तीन डुकरं भाजली होती. सही झाल्याची बातमी रेडिओवर आली आणि बँड आणला गेला. संसदेतले साहेब हेलिकॉप्टरने उतरले. त्यांनी कोनशिला बसवली, पाऊण तास भाषण केलं आणि जेवण होताच निघून गेले.

कोनशिला बसली ती मार्सियानाच्या माडांच्या वाडीत. मार्सियाना कातालबास, गावच्या शाळेची पहिलीची बाई. चौतीस वर्षं ती पहिलीलाच शिकवत होती, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाचं पहिलं अक्षर तिच्या हाताखालून गेलं होतं. गाव तिला सियाना माम म्हणायचं. वाडी तिच्या वडलांची, कागद तिच्या नावावर. नव्या प्रांताच्या हॉस्पिटलसाठी तिने ती तीन हेक्टरची वाडी बक्षीसपत्र करून देऊन टाकली. साहेबांना कोनशिलेच्या फोटोत मोकळी जागा हवी होती, म्हणून एकशे बारा माड दीड दिवसात यंत्राने कापले गेले.

वाडी का दिली, हे गावात कोणाला विचारावं लागलं नाही. सात वर्षांपूर्वी तिची एकुलती मुलगी लुझमिंदा बाळंतपणात अडली. जुन्या प्रांताचं हॉस्पिटल उत्तरेला, सहा तासांच्या वाटेवर. नदीच्या उतारापाशी भाड्याची जीप चिखलात रुतली. पुढे बसलेली मार्सियाना ड्रायव्हरच्या नावाने ओरडत राहिली, आणि मागे मुलीने बापाच्या मांडीवर प्राण सोडला. बाळही गेलं. त्या दिवसापासून बाई प्रांताच्या मागे लागली. अर्ज, सह्यांची मोहीम, मोर्चा, साहेबांच्या बंगल्यापुढे दिवसभर उभं राहणं, काही म्हणून सोडलं नाही. सार्वमताची तारीख लागली तेव्हा ती घरोघर गेली. ज्यांच्या दारात वीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्याही दारात गेली. मतमोजणीच्या मंडळावर तिची नेमणूक झाल्याचा कागद आला तेव्हा नियमाप्रमाणे प्रचार थांबवला. पण तोवर गावात होकार न दिलेलं एकही घर उरलं नव्हतं.

आमच्याकडे निवडणुकीचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. मतदान शाळेत, मोजणीही शाळेत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सार्वमताच्या चिठ्ठीवर छापलेलं चिन्ह नसतं. एक प्रश्न असतो आणि खाली एक रेघ. त्या रेघेवर ज्याने त्याने आपल्या हाताने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. मग मंडळाच्या अध्यक्षाने एकेक चिठ्ठी उघडायची, मोठ्याने वाचायची, आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या फळ्यावर रेघोट्या मारायच्या. मत गुप्त राहावं म्हणून पडदे असतात, शाईचे ठसे असतात, शपथा असतात. पण जिने सगळ्या गावाला अक्षरं गिरवायला लावली, तिच्याच हातात चिठ्ठ्या द्यायच्या, यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही. तिला तर मुळीच नाही.

दुपारी तीनला पेटी उघडली. खिडक्यांना माणसं लगडली होती. गावचा कापितान, म्हणजे गावप्रमुख, आन्सेल्मो पहिल्या बाकावर पोट सावरून बसला होता. भिंतीपाशी खडू घेऊन रोवेना उभी होती, दुसरीच्या वर्गाची तरुण शिक्षिका.

“हो,” मार्सियानाने वाचलं. “हो. हो.”

दर ‘हो’ला बाहेर आरोळी उठत होती. मार्सियाना चेहरा सरळ ठेवून वाचत होती, पण आतून ती प्रत्येकाला ओळखत होती. हा तेओफिलो, याचं अक्षर अजून डावीकडे पडतं. ही कापितानची बायको, हिला सुबक लिहायची हौस. एक चिठ्ठी दोस्योची निघाली, तेव्हा तिला हसूच आलं. दोस्यो गावचा पाववाला, मूळचा उत्तरेकडचा. नेनिंगशी लग्न करून वीस वर्षांपूर्वी इथे आला आणि इथलाच झाला. शाळेला पावाचा हिशोब देता देता त्याचं वाटोळं, फुगलेलं अक्षर तिच्या ओळखीचं झालं होतं. उत्तरेच्या माणसानेही ‘हो’ लिहिलं म्हणून ती त्याच्याकडे बघून हसली. तो खिडकीत उभा होता, तोही हसला.

दोनशेच्या पुढे मोजणी गेली आणि तिच्या हातात एक चिठ्ठी आली. ती उघडायच्या आधीच तिचं बोट थांबलं. कागदाच्या पाठीवर अक्षरांचे वळ उठले होते. इतकं दाबून लिहिणारा माणूस गावात एकच. तिनेच त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला शिकवलं होतं, लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात. तोवर तो अंगठा उठवायचा. माडावर चढून चढून राठ झालेल्या त्याच्या बोटांत पेन्सिली मोडायच्या आणि दोघं हसून लोटपोट व्हायची.

तिने चिठ्ठी उघडली. ‘नाही’ लिहिलं होतं.

ती ‘हो’ वाचू शकली असती. दोन्ही सहकारी तिच्याच हाताखाली शिकलेले, त्यांनी मान वर केली नसती. विरोधी बाजूला बसायला गावात माणूसच मिळाला नव्हता. तिने खिडकीकडे पाहिलं. फेलिसार्दो, तिचा नवरा, गर्दीच्या मागे सायकलला टेकून उभा होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता.

“नाही,” ती म्हणाली.

“माम?” रोवेनाने खडू तसाच धरला.

“नाही. लिही तिकडे.”

बाहेर एकदम शांतता झाली. शेवटी हिशोब झाला, दोनशे तेरा विरुद्ध एक.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर सगळा निकाल आला. उत्तरेकडच्या गावांनी नवा प्रांत गाडून टाकला होता, दोनास एक या प्रमाणात. ते एक मत नसतं तरी काडीचा फरक पडला नसता. पण उत्तरेतली लाखभर माणसं हाताशी नव्हती आणि गावातला एक जण हाताशी होता. साहेबांना शिव्या द्यायच्या तर पुढच्या निवडणुकीत तेच निवडून येणार होते. तेव्हा चहाच्या टपरीपासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न धरला, तो एक कोण? आणि उत्तर शोधायला त्यांना एक सकाळही लागली नाही.

“त्या पाववाल्याशिवाय दुसरं कोण असणार?” कापितान म्हणाला. “वीस वर्षं आपलं खाल्लं आणि शेवटी रक्तावर गेला.”

मार्सियाना तिथेच उभी होती. ती घराकडे वळली.

घरी आली तेव्हा फेलिसार्दो पानं मांडत होता. माड गेल्यापासून घरातलं बरंच काम तोच करायचा. पूर्वी तो सकाळ-संध्याकाळ एकेका माडावर चढून माडी उतरवायचा. आता दुसऱ्यांची जाळी शिवायचा.

“का लिहिलंस?” तिने पायरीवरूनच विचारलं.

“हात धू. मासा गार होतोय.”

“फेलिस, का लिहिलंस?”

त्याने भाताचं भांडं खाली ठेवलं. “तू किती घरं फिरलीस, इंदाय?” घरात तो तिला इंदायच म्हणायचा.

“सगळी.”

“त्या तोंडाळ क्लेमेंसियाकडे गेलीस. तिचे पाय धरलेस म्हणे. मला विचारलंस एकदा तरी? मत सोड, मताचं काय घेऊन बसलीस. वाडी देऊ का, हे विचारलंस? गुरुवारी सही केलीस आणि शुक्रवारी जेवताना सांगितलंस, मीठ वाढ म्हटल्यासारखं.”

“वाडी माझ्या वडलांची होती.”

“आणि माड? तीस वर्षं कोण चढत होतं, तुझे वडील? माझ्या डोळ्यांदेखत कापले. वर मला फोटोत उभं केलं, टोपी काढून.”

“मी लुझमिंदासाठी दिली.” तिचा आवाज चिरकला. “तू तरी असं बोलू नकोस. दुसऱ्या कोणाच्या पोरीवर ती पाळी येऊ नये म्हणून दिली.”

“लुझमिंदा माझीही होती. डोकं माझ्या मांडीवर होतं तिचं.” तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “आणि हॉस्पिटलला नाव कोणाचं लागणार होतं? कागद तू वाचलास, मीही वाचला. वाचायला तूच शिकवलंस. साहेबांच्या आईचं नाव होतं. हे मला सांगितलंस तू?”

नव्हतं सांगितलं. नाव नंतर बदलून घेऊ असं तिने स्वतःला समजावलं होतं. तिला रागही आला आणि लाजही वाटली. कोणतं आधी आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“ते दोस्योच्या मागे लागलेत,” ती म्हणाली.

“ऐकलं मी. जेवतो आणि जातो कापितानकडे. सांगतो माझं मत होतं म्हणून. मारणार थोडेच आहेत.”

तो खरंच गेला असता. ती त्याला ओळखून होती. आणि उद्यापासून काय होईल तेही तिच्या डोळ्यांपुढे आलं. माम घरोघर हात जोडत फिरली आणि स्वतःच्या नवऱ्याला वळवू शकली नाही. चौतीस वर्षांची माम, सात वर्षांची वणवण, वाडीचं दान, सगळ्यावर टपरीवरचे लोक हसणार.

“नको,” ती म्हणाली.

“नको म्हणजे?”

“जाऊ नकोस. चार दिवसांत विसरतील सगळे. वाडी गेली, प्रांत गेला, आता माझ्या नावाचीही माती करायची आहे का तुला?”

 फेलिसार्दो जेवायला बसला आणि तिच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. 

गाव चार दिवसांत विसरलं नाही. दोस्योची भट्टी रोज पहाटे पेटायची आणि टोपल्या भरलेल्याच राहायच्या. बायका पावासाठी अर्धा तास चालत शेजारच्या गावाला जाऊ लागल्या. नेनिंगच्या सख्ख्या बहिणीने चर्चमध्ये बाक बदललं. कोणीतरी दोस्योच्या दारावर कोळशाने ‘उत्तर’ एवढंच लिहिलं. अक्षर मार्सियानाच्या ओळखीचं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने शिकवलेला पोरगा, आता दोन लेकरांचा बाप.

दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर दोस्यो वर्गात आला. हातात पावाची पिशवी होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसला.

“माम, एक काम होतं. नाही म्हणू नका.”

“बोल.”

“मी ‘हो’ लिहिलं होतं.”

मार्सियाना वह्या तपासत राहिली.

“मी सांगून कोणाला पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल. नाव घेऊ नका कोणाचं. नुसतं म्हणा, दोस्यो नव्हता. एवढंच.”

“मला काय माहीत कोण होता ते?”

“तुम्हाला अक्षर कळतं, माम. अख्ख्या गावाचं कळतं.”

“मत गुप्त असतं, दोस्यो. मी शपथ घेतली आहे. असं बोललं तर माझी नोकरी जाईल.”

“माझी चिठ्ठी वाचलीत तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात.” त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “मी घरी जाऊन नेनिंगला सांगितलं, माम हसल्या माझ्याकडे बघून.”

तिला वाटलं, आता सांगून टाकावं. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात दारातून रोवेना डोकावली. “माम, अजून इथेच?” असं म्हणताना तिने दोस्योला पाहिलं आणि नाक मुरडलं.

“तुझा काहीतरी गैरसमज झाला,” मार्सियाना दोस्योला म्हणाली. “मी सगळ्यांकडेच बघून हसत होते.”

तो उठला. बाक जागेवर सरळ लावलं. पिशवी तिथेच राहिली.

महिना संपायच्या आत दोस्योने भट्टी उतरवली. उत्तरेकडची बस सकाळी सातला थांब्यावर लागायची. त्या दिवशी मार्सियाना शाळेच्या फाटकापाशी उभी राहून बघत होती. दोस्यो, नेनिंग, दोन ट्रंका, आणि भट्टीचं ते जडशीळ लोखंडी दार. थांब्यावर माणसं बरीच होती. सगळी पाठ फिरवून उभी होती. दार बसच्या टपावर चढवायला एकट्या दोस्योच्याने होत नव्हतं. तेवढ्यात फेलिसार्दो सायकलवरून आला. सायकल भिंतीला लावली, शिडी चढला, दार वर ओढून घेतलं, दोरीने बांधलं. खाली उतरून त्याने दोस्योचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी सांगितलं. काय ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. दोस्यो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून शाळेच्या फाटकाकडे पाहिलं, थेट तिच्याकडे, आणि बसमध्ये चढला.

बस गेली. कापितान आन्सेल्मो रस्ता ओलांडून फाटकाशी आला. त्याचे डोळे पाणावले होते.

“पाहिलंत ना, माम? ज्याने तुमच्या स्वप्नाचा गळा घोटला, त्याचं ओझं तुमच्या नवऱ्याने उचललं. केवढं मोठं मन! आमच्याच्याने झालं नसतं हो. हे तुमचेच संस्कार.”

आजूबाजूचे चारपाच जण थांबून ऐकत होते. मार्सियानाने ओढणी सारखी केली.

“मीच पाठवलं त्यांना,” ती म्हणाली, आणि घंटा द्यायला आत गेली.