सुई उपास पाळत नाही

रंगूबाईच्या अंगात देवी आली ती अष्टमीला, देवळात दुपारच्या आरतीत. त्याआधीच्या पंचावन्न वर्षांत देवीला शेलूबाजारजवळच्या या गावाचा पत्ता माहीत असल्याचा पुरावा नाही.

झालं इतकंच होतं, की सकाळी तिनं रोजच्यासारखं इन्सुलिन टोचून घेतलं आणि वर उपास धरला. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड उपास ओळखतं, हात आखडता घेतं. टोचलेलं इन्सुलिन कोणाचाच उपास पाळत नाही. पोटात काही नसलं तरी ते रक्तातली साखर कमी करतच राहतं. आरतीला रंगूबाईचे हात थरथरू लागले, घामानं पदर भिजला, जीभ जड झाली. बायांनी मळवट भरला. शेजारच्या लिलाबाईनं नातवाच्या नोकरीचं विचारून घेतलं. रंगूबाई कशीबशी "गूळ" म्हणाली. देवीनं गूळ मागितला म्हटल्यावर किलोभर गूळ आला आणि मूर्तीपुढे ठेवला गेला. रंगूबाईला तो दोन हातांवर दिसत होता. हात उचलवत नव्हता.

सून वर्षाराणी गर्दीत घुसली, नैवेद्यातला गूळ पाण्यात कालवून तिनं सासूच्या ओठांना लावला. पाव तासात देवी निघून गेली. नैवेद्य उष्टा केला म्हणून गाव सुनेवर नाराज.

नवमीला सकाळपासून रंगूबाईच्या ओट्यावर माणसं नारळ घेऊन बसली. एरवी तिच्या नवऱ्याला, रामरावांना, कोणी तंबाखूही विचारत नसे. आज दोन पाटलांनी आधी नमस्कार घातला. रामराव आत आले आणि आजही काही खाऊ नको म्हणाले. एका दिवसानं काय होते, लोक आशेनं आले आहेत.

"काल घटकाभर उशीर झाला असता," रंगूबाई म्हणाली, "तं हेच लोक आज तेरवीची तारीख विचारत बसले असते."

तिनं सुई घेतली, डबा काखेत मारला आणि तडक देवळात गेली. कालच्याच जागी मांडी घालून तिनं भाकर-पिठलं उघडलं. नारळवाले मागोमाग आलेच होते. रामराव कानाशी लागले, नवमीचा उपास मोडू नको, देवी कोपल.

"आजपासून माया नेमच हा. सुई घेतली का भाकर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "देवीले यायचं असन तं जेवल्यावर ये म्हना."

लोकांनी बराच वेळ वाट पाहिली. रंगूबाईनं दुसरी भाकर घेतली.