काचेवरचा नवा ठिपका

"सापडला!" वन्सं ओरडल्या. "ये गं, बघ. माझं मेलं काळीज कसं धडधडतंय!"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वेधशाळेतल्या काचांच्या खोलीत मला त्यांनीच चिकटवलं होतं. आता केस पिकले, पण ती सकाळ आठवली की अजून अंगावर काटा येतो.

उपग्रहाला शेजारच्या दीर्घिकेत क्ष-किरणांचा अचानक भडका दिसला होता. जागा कळली ती ढोबळ. तेवढ्या जागेत तारे शेकडो. त्यांतला नेमका कोणता उजळलाय, ते जुनी आणि ताजी छायाचित्रं ताडून आम्ही सांगायचं. असा भडका फार टिकत नाही, म्हणून मोठ्या दुर्बिणीवाले आमच्या निरोपासाठी ताटकळले होते. छायाचित्रं काचेवरची आणि उलट्या रंगांची: आकाश पांढरं, तारे म्हणजे काळे ठिपके.

मी भिंगाला डोळा लावला. "कुठे?"

"मधोमध. चांगला ठसठशीत आहे."

"मला नाही दिसत, वन्सं."

"डोळे आहेत की बटणं? तुझ्या नवऱ्याला पायातली चप्पल सापडत नाही. शोभता हो एकमेकांना!" मला बाजूला सारून त्या वाकल्या. "हा काय! थोडा डावीकडे."

मघाशी मधोमध, आता डावीकडे? तारा काचेवर चालत नाही. मी हळूच काच बाहेर ओढली. खाली नुसता दिव्याचा पांढरा उजेड उरला.

"आणि आता?"

"आहे की!"

"वन्सं, काच माझ्या हातात आहे."

त्यांनी मान वर केली. कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. डावा डोळा झाकला, मग उजवा.

"भिंतीवरही आहे गं," त्या म्हणाल्या.

मी काच जपून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात आमचे साहेब दारात आले. "बाई, फोन धरून ठेवलाय. सापडला म्हणून कळवू ना?"

वन्संचा शब्द तिथे कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे.

"थांबवा त्यांना," वन्सं म्हणाल्या. "मला चुकीचं दिसलं."

"तुम्हाला?" साहेब दोन पावलं आत आले.

"मलाच. माझा डोळा गेलाय बहुतेक. आता ही बघेल."

"अहो, मला एकटीला नाही जमणार," मी पुटपुटले.

"बस म्हणते ना! तारा काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

त्या उठल्या. स्टूल फिरवत फिरवत माझ्या उंचीला आणलं आणि मी नीट बसेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.